परभाषेचे शब्द आणि वऱ्हाडची लेखणी

दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या शाळकरी मुलांचे दप्तर उघडून पाहिले, तर हल्ली त्यात एक वही हमखास सापडते. तिच्या डाव्या बाजूला इंग्रजीतले लांबलचक, जीभ वळता वळत नाही असे शब्द, आणि उजव्या बाजूला त्यांचे अर्थ. निबंधात, गोष्टीत, कवितेत असले शब्द पेरले म्हणजे लेखनाला वजन येते, अशी समजूत. ही वही मुंबई-पुण्यात दिसते तशी मोर्शीसारख्या तालुक्याच्या गावीही दिसते. वडीलधाऱ्यांना तिचे कौतुक वाटते, आणि ते वाटू नये असेही नाही. शब्द शिकणे वाईट कसे असेल? प्रश्न एवढाच, की शिकलेल्या शब्दाचे पुढे करायचे काय?

या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. मौज अशी, की त्याचे पहिले पान आमच्या मोर्शी तालुक्यातच लिहिले गेले. मोर्शीचे नाव काढले की लोकांना संत्री आठवतात. पण याच तालुक्यात रिद्धपूर आहे, आणि रिद्धपूर म्हणजे मराठी गद्याचे माहेर.

तेराव्या शतकातली गोष्ट. त्या काळी विद्वत्तेची भाषा संस्कृत होती. आज इंग्रजीला जो मान, तोच तेव्हा संस्कृताला. किंबहुना थोडा अधिकच. गोविंदप्रभू रिद्धपुरात राहत. त्यांच्या दर्शनाला आलेले श्रीचक्रधर मूळचे गुजरातेतले. मराठी ही त्यांची जन्मभाषा नव्हे. तरी त्यांनी आपले सारे निरूपण मराठीत केले. त्यांच्या परिवारात मोठमोठे शास्त्री येऊन मिळाले. सराळ्याचे म्हाइंभट आले, केशोबास आले. हे लोक संस्कृतात मुरलेले. अवघड शब्दांचा त्यांच्याकडे तोटा नव्हता.

चक्रधरांच्या मागे परिवाराची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. त्यांच्यापुढे एकदा पंडितांनी आपले संस्कृत काढले, तेव्हा आचार्यांनी त्यांना स्पष्ट सांगितले, की मला चक्रधरांनी मराठीत सांगितले आहे, तुम्हीही मराठीतच विचारा. केशोबासांनी ग्रंथ संस्कृतात रचण्याचा मनोदय दाखवला, तेव्हा आचार्यांना आठवण झाली ती परिवारातल्या म्हाताऱ्या बायांची. ग्रंथ संस्कृतात गेला तर त्या बायांच्या हाती काय उरणार, ही त्यांची चिंता. वाचकाचा एवढा सरळ विचार मराठीत त्यापूर्वी कोणी केल्याचे नमूद नाही, आणि पुढेही फार थोड्यांनी केला.

परंतु त्या पंडितांची विद्या वाया गेली, असे मात्र समजू नये. केशोबासांनी चक्रधरांची वचने सूत्रांत बांधली, दृष्टांत लावून दिले. ती शिस्त शास्त्राभ्यासातूनच आली. म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्यांनी जे पाहिले-ऐकले ते त्यांच्या तोंडून घेऊन, पडताळून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. ती चिकित्साही पंडिताचीच. बोली मात्र बायाबापड्यांची ठेवली. याच रिद्धपुरात महदाइसेने ‘धवळे’ रचले, आणि ती मराठीची आद्य कवयित्री ठरली. परभाषेतून शिस्त घ्यावी आणि शब्द घरचा वापरावा, हा धडा वऱ्हाडाने सातशे वर्षांपूर्वी गिरवून ठेवला आहे.

आता ज्या इंग्रजीपुढे आपण दबतो, तिचेही पूर्वचरित्र पाहावे. सोळाव्या शतकात इंग्रज लेखकांना स्वतःची भाषा गावंढळ वाटे. ते लॅटिन व ग्रीक कोशांतून पोतीच्या पोती शब्द आणून आपल्या लेखनात ओतीत. त्या वेळी दौत शिंगाची असे. म्हणून अशा ओढून आणलेल्या शब्दांना लोक ‘शिंगाच्या दौतीतले शब्द’ म्हणून हिणवू लागले. टॉमस विल्सन नावाच्या पंडिताने १५५३ साली वक्तृत्वकलेवर ग्रंथ लिहिला, त्यात या खोडीची यथेच्छ टर उडवली आहे. १६०४ साली रॉबर्ट कॉड्री या शिक्षकाने निव्वळ इंग्रजीचा पहिला कोश छापला. तो होता फक्त कठीण शब्दांचा, सुमारे अडीच हजार शब्दांचा. म्हणजे आज आपल्या मुलांच्या दप्तरात जी वही आहे, तीच इंग्रजीतल्या कोशवाङ्मयाची पहिली पायरी होय!

त्या ओतलेल्या शब्दांचे पुढे काय झाले? पुष्कळसे वाळून गेले. काही मात्र रुजले, आणि आज ते परके होते हे इंग्रजांनाही आठवत नाही. कोणते टिकले? ज्यांची खरोखर गरज होती, ज्यांच्यावाचून एखादी गोष्ट सांगताच येत नव्हती, ते बहुधा टिकले. दिखाव्यासाठी आणलेले दिखाव्याबरोबर गेले.

आपल्याकडे इंग्रजी आली ती दोन वाटांनी. एक वाट बाजाराची आणि कचेरीची. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. मागोमाग आगगाडी आली, कापसाचा व्यापार आला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटले, तेव्हा विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची गोडी लागली. त्या धामधुमीत शेतकऱ्याने कोणताही कोश न उघडता इंग्रजी शब्द उचलले. ‘जीन’ आणि ‘प्रेस’ त्याच्या तोंडी बसले. स्टेशनाचे ‘टेसन’ झाले, कोर्टाचे ‘कोरट’, डिक्रीची ‘डिगरी’. त्याने शब्दाचा रुबाब पाहिला नाही, उपयोग पाहिला. आणि आपल्या जिभेला सोसेल तसा तो घडवून घेतला. शिकलेल्या माणसांनी या रूपांना हसावे, यात नवल नाही. पण भाषा जिवंत असल्याची ती खूण आहे.

दुसरी वाट पुस्तकांची. तिच्या तोंडाशी उभे आहेत जेम्स मोल्सवर्थ आणि टॉमस कँडी. मोल्सवर्थ कंपनीच्या सैन्यातला तरुण अधिकारी. मराठीचे त्याला वेड लागले. शास्त्री हाताशी घेऊन त्याने शब्द गोळा केले आणि १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला. १८५७ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा शब्दसंख्या साठ हजारांच्या घरात गेली होती. इंग्रजी-मराठी कोशाचे काम कँडीने तडीस नेऊन १८४७ साली प्रसिद्ध केले. परदेशी माणसांनी आपल्या ओव्या, म्हणी, शेतकऱ्यांची अवजारे, बायकांच्या बोलण्यातल्या लकबी अशा आस्थेने टिपाव्यात, हे वाचून आजही मन भरून येते. मोल्सवर्थ मराठी शिकला तो मराठीत मिरवण्यासाठी नव्हे, मराठी माणूस काय बोलतो ते कळावे म्हणून. शब्द शिकण्याचा हा त्याचा मासला ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

या कोशांच्या आधाराने इंग्रजी शिकलेल्या पहिल्या पिढीपुढे मोठा पेच पडला. इंग्रजी पुस्तकांत असे वाङ्मयप्रकार दिसू लागले, की ज्यांना मराठीत नावच नाही. मग नावे शोधणे आले. इंग्रजीतल्या ‘नॉव्हेल’साठी आपल्या लोकांनी बाणभट्टाच्या ग्रंथाचे नावच उचलले आणि ‘कादंबरी’ हा शब्द रूढ केला. गुजरातीने त्यासाठी ‘नवलकथा’ म्हटले, बंगालीने ‘उपन्यास’. एकाच परकी वस्तूला तीन शेजारणींनी आपापल्या फडताळातली तीन भांडी काढून दिली! पुढे केशवसुतांनी १८९२ साली इंग्रजी ‘सॉनेट’च्या धर्तीवर चौदा ओळींची कविता लिहिली, आणि त्या प्रकाराला कालांतराने ‘सुनीत’ हे नाव मिळाले. ते कानाला मूळ शब्दासारखे लागते आणि अर्थाने आपले वाटते. परकी वस्तू आणि घरचे नाव यांची अशी सांगड घालता येणे, हीच त्या पिढीची खरी कमाई.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे उदाहरण तर प्रसिद्धच आहे. वडील कृष्णशास्त्री यांनी हाती घेतलेले डॉक्टर जॉन्सनच्या ‘रासेलस’चे भाषांतर त्यांनी पुरे केले. जॉन्सन म्हणजे १७५५ साली इंग्रजीचा प्रचंड कोश रचणारा, भारदस्त शब्दांचा धनी. त्याच्या आणि मेकॉलेच्या सहवासात शास्त्रीबुवा वाढले. १८७४ पासून त्यांनी ‘निबंधमाला’ चालवली. तिच्यात इंग्रजी शब्दांची आरास तुम्हांला दिसणार नाही. दिसेल ती इंग्रजी वाक्याची बांधणी, तोललेले अंश, एकामागून एक चढत जाणारे मुद्दे. ऐट सारी मराठी. त्यांनी शब्दांऐवजी त्यामागचे सामर्थ्य उसने घेतले, आणि ते व्याजासकट फेडले.

वऱ्हाडात त्या वेळी महाविद्यालय नव्हते. पुढे शिकायचे तर मुंबई, पुणे किंवा नागपूर गाठावे लागे. तिथून परतलेल्या वऱ्हाडी मंडळींनी इंग्रजीचे काय केले, ते पाहण्यासारखे आहे.

अमरावतीचे दादासाहेब खापर्डे १८५४ साली जन्मले, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले आणि वकिलीत नावारूपाला आले. १८९७ साली काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीस भरले, त्याचे ते स्वागताध्यक्ष. टिळकांच्या अपिलासाठी विलायतेला गेले. इंग्रजीवर त्यांचे प्रभुत्व मोठे. आपली रोजनिशीही ते इंग्रजीत लिहीत. शिर्डीच्या मुक्कामातली त्यांची टिपणे पुढे छापली गेली. ती वाचताना वाटते, की हा मिस्किल, हजरजबाबी माणूस आपल्या मनातले मराठीतच लिहिता, तर मराठी गद्याला केवढे धन मिळाले असते! बंगालच्या मायकेल मधुसूदन दत्तांनी आधी इंग्रजीत काव्य केले, आणि मग मातृभाषेकडे वळून १८६१ साली ‘मेघनादवध’ दिले. आज लोक त्यांना ओळखतात ते त्या बंगाली काव्यासाठी.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचा जन्म १८७१ चा, नागपूरचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते पदवीधर झाले, आणि वकिलीसाठी वऱ्हाडात, खामगाव आणि जळगाव-जामोद येथे राहिले. इंग्रजी नाटके आणि विनोदी वाङ्मय त्यांनी कसून वाचले होते. इंग्रजीत ज्याला शाब्दिक चातुर्य म्हणतात, ते त्यांनी मराठी ‘कोटी’त असे उतरवले, की गडकरी आणि खांडेकर यांच्यासारख्यांनी त्यांना गुरू मानले. पण विनोदी लेखांच्या पुस्तकाला नाव काय दिले? ‘सुदाम्याचे पोहे’! इतक्या इंग्रजी वाचनानंतर हाती आली ती घरची पुरचुंडी.

अकोल्याच्या बाजूला सरकारी कचेरीत कारकुनी करणारे नारायण मुरलीधर गुप्ते यांची हकीकत आणखी गोड. जन्म १८७२, मलकापूर. शिक्षण परिस्थितीमुळे अर्धवट राहिले. इंग्रजीतला मधमाशीचा एकाक्षरी शब्द त्यांनी टोपणनाव म्हणून घेतला, आणि ते ‘बी’ कवी झाले. इंग्रजीतून एवढाच शब्द त्यांनी मिरवला. पण आपल्या भाषेत तो किती साधला! मराठीत ‘बी’ म्हटले की मातीत पेरायचे बीज आठवते. मधमाशी आणि बियाणे, दोन्ही एका अक्षरात आली. १९३४ साली निघालेल्या त्यांच्या संग्रहाचे नाव ‘फुलांची ओंजळ’. आणि ‘चाफा’ तर आज घरोघरी गाइला जातो.

त्यानंतरचे दोघे, अनिल आणि कुसुमावती देशपांडे. कवी अनिल म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, जन्म मूर्तिजापूरचा, १९०१ चा. कुसुमावती १९०४ साली अमरावतीस जन्मल्या. त्या लंडनला जाऊन इंग्रजी साहित्याचा रीतसर अभ्यास करून आल्या आणि नागपुरात इंग्रजीच्या प्राध्यापिका झाल्या. त्यांच्याइतके इंग्रजी शब्दभांडार त्या काळच्या मराठी लेखिकांत क्वचितच कोणाकडे असेल. त्यांच्या पुस्तकांची नावे मात्र पाहा. कथासंग्रह ‘दीपकळी’, ‘दीपदान’, ‘मोळी’. समीक्षालेखांच्या पुस्तकाचे नाव ‘पासंग’.

पासंग म्हणजे काय, हे आजच्या मुलांना कदाचित सांगावे लागेल. तराजूची दोन पारडी रिकामी असताना सारखी राहत नसली, तर हलक्या बाजूला जे थोडेसे वजन बांधतात, तो पासंग. वाङ्मयाची पारख करायला बसलेल्या विदुषीने त्यासाठी किराणा दुकानातला शब्द उचलला! त्या एका शब्दात तिचा सारा नम्रपणा आहे, आणि न्यायबुद्धीही आहे. इंग्रजी समीक्षेतला कोणता लांबलचक शब्द हे काम करू शकला असता? इंग्रजीने त्यांना तोलायला शिकवले, आणि तराजू त्यांनी आपल्या बाजारपेठेतून आणला. १९६१ साली ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

अनिलांनी मराठीत मुक्तछंद रुजवला. कल्पना पश्चिमेकडची, लय मात्र मराठी बोलण्यातली. त्यांचा १९३२ चा पहिला संग्रह ‘फुलवात’. कापसाच्या मुलखातला कवी, त्याला देवापुढच्या निरांजनातली वात आठवली. पुढच्या एका संग्रहाचे नाव ‘पेर्ते व्हा’. पावसाच्या तोंडावर पाखरू ओरडते आणि कुणब्याला वाटते, ते आपल्याला पेरायलाच सांगते आहे. हे कोणत्या कोशात सापडणार?

सुदाम्याचे पोहे, ओंजळ, मोळी, पासंग, फुलवात, पेर्ते व्हा. ही यादी एका ओळीत मांडली की वऱ्हाडच्या लेखणीचे रहस्य उलगडते. जी माणसे इंग्रजीत खोल उतरली, त्यांना वर येताना घरचे शब्द अधिक लख्ख दिसू लागले. काठावर बसून चार शब्द वेचणाऱ्यांना ते भाग्य लाभत नाही.

याची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द घडवून दिला म्हणजे तो चाललाच, असे नाही. सावरकरांनी भाषाशुद्धीच्या चळवळीत ‘दिनांक’, ‘महापौर’, ‘दिग्दर्शक’ असे शब्द पुढे आणले. ते चालले, कारण ते सुटसुटीत होते आणि त्यांची गरज होती. उलट कचेऱ्यांच्या परिभाषाकोशांत असे कितीतरी शब्द पडून आहेत, की जे कोणाच्या तोंडी कधी आलेच नाहीत. शिंगाची दौत इंग्रजीचीच असते असे नाही. ती संस्कृताचीही असू शकते.

तेव्हा त्या वहीचे काय करावे? फेकू तर मुळीच नये. तिला मधोमध आणखी एक रकाना आखावा. हा शब्द कुठून आला, आणि हाच भाव आपल्या आजीच्या बोलण्यात कसा येतो, ते त्यात लिहावे. मोर्शीच्या मुलाला सोपे उदाहरण देतो. इंग्रजीत संत्र्याला ‘ऑरेंज’ म्हणतात, हे तो पहिलीतच शिकतो. हा शब्द आला कुठून? आपल्या ‘नारंग’ या संस्कृत शब्दापासून. आणि संस्कृतातही तो द्राविडी भाषांतून आला असावा, असे जाणते म्हणतात. तो फारसीत गेला, अरबीत गेला, स्पेनमध्ये पोचला. वाटेत कुठेतरी आरंभीचा ‘न’ गळाला, आणि इंग्रजांच्या देशात त्याचे ऑरेंज झाले. शेवटी विलायती पोशाख करून तो मोर्शीच्या शाळेत परत आला. हे कळल्यावर त्या मुलाला इंग्रजी शब्दाची भीती वाटेल का? आणि आपल्या शब्दाची लाज वाटेल का?

आणि मग तेच मूल बापाबरोबर बागेत गेले, म्हणजे त्याने कान उघडे ठेवावेत. आंबिया बहार, मृग बहार. बाग ताणावर सोडणे, ताण तोडणे. झाडाचे पाणी तोडून त्याला तहानेने व्याकूळ करायचे, आणि मग पाणी देऊन फुलवायचे, ही सगळी किमया ‘ताण’ या दोन अक्षरांत आहे. विरहावर कविता लिहिणाऱ्याला याहून चांगला शब्द कोणता हवा? वावर, धुरा, पऱ्हाटी, वखर, डवरा, तिफण. यांतले कितीतरी शब्द अवजारांबरोबर नाहीसे होत आहेत. ट्रॅक्टर आला, तिफण अडगळीत गेली आणि तिचे नावही तिच्यामागे चालले. इंग्रजीचे कोश उद्याही मिळतील. तिफणीवर हात ठेवून तिच्या भागांची नावे सांगणारा म्हातारा उद्या भेटेलच, अशी हमी नाही. दोन्ही वह्या भरायच्या आहेत, पण घाई कोणत्या वहीची आहे, हे आईबापांनी ओळखावे.

२०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि त्याच वर्षी मराठी भाषेचे विद्यापीठ रिद्धपुरात सुरू झाले. मोर्शी तालुक्याला हा मान मिळाला तो म्हाइंभटांमुळे, महदाइसेमुळे, आणि ज्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत त्या म्हाताऱ्या बायांमुळे. विद्यापीठे आणि दर्जे ही सन्मानाची गोष्ट खरी. परंतु भाषा राहते ती लिहिणाऱ्याच्या हाती आणि बोलणाऱ्याच्या ओठी. तेव्हा या दिवाळीत मुलांना शब्दकोश अवश्य घेऊन द्या, इंग्रजीचा हवा तेवढा जाडजूड द्या. फक्त फराळाला बसल्यावर त्यांना आजीशेजारी बसवा, आणि तिला जुन्या काळच्या शेताच्या, घरट्याच्या, चुलीच्या गोष्टी सांगायला लावा. वही मुलांच्या हाती असू द्या म्हणजे झाले.